कड्यात अडकलेला सिलिंडर

सिलिंडर लोखंडी कड्यात अडकला तो अडकलाच. शाल्मलीने दोन्ही हातांनी रेटून पाहिला, पण छे! उद्या तिला दहावं वर्ष लागणार होतं आणि ती पहिल्यांदा मंगळाच्या उघड्या माळावर चालणार होती. पाठीवर तिला हाच सिलिंडर हवा होता. त्यावर आईने खिळ्याने स्वतःचं नाव कोरलं होतं, ‘केतकी’. आई जाऊन पाच वर्षं झाली होती.

तांबडमाळ वस्तीत प्राणवायू भरण्याआधी प्रत्येक सिलिंडर त्या लोखंडी कड्यातून पार व्हावा लागे. भरणा केंद्र तिचे आजोबा, म्हणजे केतकीचे वडील, सांभाळत.

“आजोबा, याला गळती नाही, तोंडही नळीला बसतं. मग अडलंय कुठे?”

एरवी नातीची थट्टा केल्याशिवाय आजोबांना चहा गोड लागत नसे. आज ते खाली बघून बोलले.

“वायू दाबून भरला की एवढ्याशा जागेत दिवसभराचा श्वास मावतो. पण नुसता सिलिंडर काय कामाचा? त्याला पाठीवरचा कप्पा लागतो, गाडीतली खोबण लागते. ती सगळीकडे जुळावी म्हणून वस्त्यांनी प्रमाण माप (सर्वांनी मान्य केलेलं एकच माप) ठरवलंय. त्यात मुभा (चालेल इतका फरक) असते, पण केसाएवढी. हा बोटभर जाड आहे.”

“आईला तर चालायचा!”

“चालायचा. मीच बनवला होता. जाड आणि बुटका, वाकताना सोपा. शेजारच्या वस्तीचे बारीक आणि उंच. त्यांनी दोनदा विचारलं, एकच माप ठरवू या का? मी म्हटलं, आमचंच चांगलं आहे. आणि ते होतंही चांगलं, बाळा.” आजोबांनी सिलिंडर कड्यातून मागे ओढून घेतला. “वादळात तुझ्या आईची गाडी बंद पडली. ती चालत त्यांच्या कोठारापर्यंत पोचली. तिथे अकरा भरलेले सिलिंडर होते. एकही तिच्या कप्प्यात बसला नाही.”

शाल्मली खूप रडली. आजोबांचा तिला भयंकर राग आला. संध्याकाळपर्यंत ती त्यांच्याशी बोललीच नाही.

मग ती स्वतःच सिलिंडर घेऊन परत आली. “याचं आता काय करणार?”

“कापायचा. कुणी चुकून भरू नये म्हणून. उत्तरेच्या नव्या वस्तीला असंच कडं हवंय. याच्याच गोल कापाचं होईल, पण घासूनपुसून द्यावं लागेल. नाव जाईल.”

शाल्मलीने कड्याच्या आतून बोट फिरवलं.

“माप आतलं असतं ना? मग आतूनच घासा. नाव बाहेरच्या बाजूला आहे.”

आजोबांनी चष्मा काढून पुसला. मग नावाच्या वर आणि खाली खडूने कापायच्या रेघा आखल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं माळावर निघाले. दोघांच्या पाठीवर अगदी सारखे, बिननावाचे सिलिंडर होते. थोडं चालल्यावर शाल्मली थांबली.

“आजोबा, तुमचा संपला तर माझा तुम्हाला बसेल?”

“बसेल.”

तिने त्यांचा हात धरला आणि ती पुढे चालू लागली.