आप्पांचा आवाज आणि गुरगुरणारा डबा

तुम्ही कधी असा माणूस पाहिलाय का, जो आपण बोलायला लागलो की स्वतःच ओरडायला लागतो आणि वर म्हणतो, “काय? ऐकू नाही आलं”? आमच्या घरातला जुना संगणक अगदी तसा होता. आपण गप्प बसलो की तोही गप्प. आपण तोंड उघडलं की घर्रर्र! असं का होत होतं, ते कोडं सोडवताना माझा जीव मेटाकुटीला आला. म्हणून ते आधी तुमच्यापुढे टाकते. तुम्हीही थोडं डोकं खाजवा.

मी रेणू. ही गोष्ट २०४१ सालची, आमच्या सांगलीतली. आमचे आप्पा, म्हणजे माझे आजोबा, शास्त्रज्ञ. उपग्रह तापू नयेत आणि गारठूही नयेत, याचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला. पण नातेवाइकांना त्याचं काही नव्हतं. त्यांना आप्पा माहीत होते ते मंगलाष्टकांसाठी. घरात कुणाचंही लग्न असो, आप्पा स्वतः मंगलाष्टक रचायचे आणि अशा खणखणीत आवाजात म्हणायचे, की मांडवाबाहेर चपला सांभाळणारासुद्धा आत डोकवायचा.

मग आप्पांच्या घशाची मोठी शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. उरली फक्त कुजबूज. आणि नेमकं आता मंजूआत्याचं लग्न ठरलं. आत्या म्हणजे आप्पांची एकुलती एक लेक. सगळ्या गावाच्या लेकींना आप्पांचं मंगलाष्टक मिळालं आणि स्वतःच्या लेकीला नाही, हे आप्पांना सहन होत नव्हतं. ते बोलून दाखवत नसत. पण कागदावर ओळी लिहीत, खोडत आणि खिडकीबाहेर बघत बसत. मला ते बघवायचं नाही.

त्यावर एक उपाय होता. आमच्या संगणकात ‘स्वरसेतू’ नावाचा प्रोग्रॅम होता. जुन्या लग्नांच्या चित्रफिती ऐकवून मी आणि आप्पांनी त्याला आप्पांचा आवाज शिकवला होता. आप्पांनी माइकमध्ये कुजबुजायचं, संगणकानं ती कुजबूज ऐकायची आणि त्याच क्षणी स्पीकरमधून आप्पांच्या जुन्या आवाजात बोलायचं. पण आप्पांनी ओठ हलवले की संगणकाचा डबा घर्रर्र करायचा, आणि स्पीकरमधून यायचं, “शुर्रर्र मंर्रर्र.” आप्पांची कुजबूज त्या आवाजात पार बुडून जायची. माइक ओठांना चिकटवला, तर श्वासाचे फूत्कार यायचे.

“आप्पा, हे काम बाहेरच्या मोठ्या संगणकाकडे पाठवू या ना! सगळे तेच करतात.”

“माझा आवाज दुसऱ्याच्या हातात द्यायचा?” आप्पा कुजबुजले. “उद्या माझ्या नावानं कुणी काहीही बोलेल. आवाज घरातच राहिला पाहिजे.”

बाबांची काळजी वेगळी होती. “हे धूड कार्यालयात न्यायचं कसं? अंतरपाट धरायला दोघं आणि हा डबा धरायला चौघं!”

माझं डोकं फिरलं. मी बाजूचं झाकण काढलं आणि सरळ पंख्याची तार उपटली. अहाहा, काय शांतता! आप्पांनी कुजबुजायला सुरुवात केली, आणि थोड्याच वेळात टूंऽऽ करून संगणक बंद.

वाटलं, आता आपली काही खैर नाही. पण आप्पा हसत होते. “हात लावू नकोस, नुसता जवळ ने,” ते म्हणाले. मी आतल्या धातूच्या तुकड्याजवळ तळवा नेला. आई गं, केवढी धग!

“संगणक चालतो कशावर?” आप्पांनी विचारलं.

“विजेवर.”

“आत गेलेल्या त्या विजेचं शेवटी काय होतं?”

“संपून जाते?” मी म्हणाले. आप्पा म्हणाले, “जवळजवळ सगळ्या विजेची उष्णता होते. हा प्रोसेसर (संगणकाचा विचार करणारा भाग). त्याच्यात अब्जावधी ट्रान्झिस्टर (वीज चालू-बंद करणारी अतिसूक्ष्म बटणं) असतात. ती सारखी चालू-बंद होतात आणि प्रत्येक वेळी थोडी उष्णता सोडतात. काम जितकं जास्त, तितकी बटणांची धावपळ जास्त. मग उष्णताही जास्त.”

“आणि ती बाहेर फेकायला पंखा जोरात फिरतो!” मी ओरडलेच. “म्हणजे तुम्ही बोललात की संगणकाला काम लागतं, काम लागलं की तो तापतो, तापला की पंखा गरगरतो, आणि पंखा गरगरला की तुमचं बोलणंच ऐकू येत नाही!”

सुटलं की हो कोडं! आणि मी आपली त्या बिचाऱ्या पंख्याला शिव्या घालत होते.

“म्हणजे पंख्याचा आवाज बंद करायचा नाही,” आप्पा म्हणाले, “उष्णता कमी करायची. मग आवाज आपोआप जाईल.”

आम्ही डबा पूर्ण उघडला. आणि सांगते, माझी चक्क फसवणूक झाली होती! इतकं मोठं धूड, आणि आत अर्ध्याहून जास्त पोकळी.

“हे काय, आप्पा? रिकामाच आहे की!”

“काही जागा जुन्या जोडण्यांसाठी सोडलेली, बाकीची हवा खेळायला,” आप्पा म्हणाले. “उष्णता कमी झाली, की ही पोकळी लागणार नाही. डबा लहान होईल.”

पंखा बंद असतानाही, नीट कान दिला तर एक बारीक किर्रर्र ऐकू यायचं. ते होतं साठवणीच्या तबकडीचं. जुन्या संगणकात माहिती फिरत्या तबकडीवर ठेवलेली असे. तिच्या जागी आता घन साठवण (काहीही न फिरता माहिती जपणारी चिप) बसवता येते. फिरणारं काही नसलं, की किरकिरही नाही.

“पण आप्पा, थोडी तरी उष्णता होणारच ना? ती पंख्याशिवाय जाणार कशी?” मला एकदम आप्पांचे उपग्रह आठवले. “उपग्रहात पंखा असतो का?”

आप्पांनी स्वतःच्या कपाळावर चापट मारली. “अगं, तिथं हवाच नाही, तर पंखा फिरून काय करणार? तिथं आम्ही उष्णता धातूतून बाहेरच्या अंगापर्यंत नेतो आणि तिथून अंतराळात सोडून देतो. चाळीस वर्षं तेच केलं, आणि घरच्या डब्याचं काही सुचलं नाही मला!”

मग आम्ही दोघं अक्षरशः झपाटलो. आप्पांच्या बंगळुरूच्या जुन्या सहकाऱ्यांनी नवा प्रोसेसर पाठवला. ड्रोन तो गच्चीत ठेवून गेला, तेव्हा मला वाटलं रिकामंच पाकीट आलं. तो निघाला माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. त्याच्यातली बटणं जुन्यापेक्षा कितीतरी लहान होती. लहान बटण दाबायला वीज थोडी लागते, म्हणून काम तेच आणि उष्णता कमी.

आप्पांनी ॲल्युमिनियमची एक पेटी घेतली. तिला बाहेरून कंगव्यासारखे दाते होते. याला हीट सिंक (उष्णता पसरवणारा धातूचा भाग) म्हणतात. “दाते कशाला?” मी विचारलं.

“दात्यांमुळे हवेला लागणारी जागा वाढते. चहा कपापेक्षा बशीत लवकर निवतो ना, तसं.”

प्रोसेसर पेटीला आतून चिकटवला. मधे एक चिकट मलम लावलं, कारण मधे हवा अडकली तर उष्णता पुढे सरकत नाही. अडकून पडलेल्या हवेतून उष्णता फार सावकाश जाते, हे आप्पांनी मला दोनदा बजावलं.

झाला तयार आमचा नवा संगणक! केवढा? माझ्या शाळेच्या डब्याएवढा. खोलीचं दार लावून आम्ही तो सुरू केला. काहीच ऐकू येईना. मला वाटलं बिघडला. तेवढ्यात आप्पांनी ओठ हलवले आणि स्पीकरमधून खणखणीत आवाज आला, “रेणू!”

मी भोकाड पसरलं. लाज कसली त्यात? आप्पांचेही डोळे भरले होते. “आत्याला काही सांगायचं नाही,” ते त्या आवाजात म्हणाले, आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसत सुटलो.

लग्नाच्या दिवशी संगणक मी पिशवीत घालून एकटीनं नेला. रुखवताच्या टेबलावर ठेवला आणि आप्पांच्या सदऱ्याला छोटा बिनतारी माइक लावला. आप्पांनी एकदा बोलून पाहिलं. सगळं ठीक होतं. मी नवे कपडे घालायला गेले, आणि तिथंच घोळ झाला.

भटजींची मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाच्या एका बाजूला नवरदेव, दुसऱ्या बाजूला आत्या. आप्पांची पाळी आली. ते माइकमध्ये कुजबुजले. स्पीकरमधून आलं, “माऽऽऽ... झीऽऽऽ...” आणि पुढे नुसतीच शांतता.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. मी धावत टेबलाकडे गेले, तर संगणक दिसेचना! त्याच्या जागी लोकरीचा गुलाबी गोळा होता. त्याला मोत्यांच्या माळा होत्या आणि वर गोंडाही होता.

“ताईआजी!” मी किंचाळले.

ताईआजी म्हणजे आप्पांची मोठी बहीण. सगळं रुखवत तिनंच मांडलं होतं. “अगं, आवाज आहे ना त्यात माझ्या भावाचा?” ती म्हणाली. “असा उघडा कसा ठेवायचा? घशाला जपायला हवं. महिनाभर विणत होते मी. तुम्हाला न सांगता आणलं, म्हटलं गंमत होईल!”

आप्पांच्या आजारपणात तिनंच त्यांना मफलर विणून दिले होते. आता आवाज डब्यात गेला, म्हणून तिनं डब्याला स्वेटर घातला. मायाच ती! पण लोकरीत हवा अडकून राहते, म्हणून तर आपल्याला ऊब मिळते. संगणकाची उष्णता आतच कोंडली होती. तो जळू नये म्हणून त्यानं आपणहून आपला वेग कमी केला होता.

मी स्वेटर ओढून काढला. पेटी तव्यासारखी तापली होती. ती आपोआप निवेपर्यंत मुहूर्त टळला असता. काय करू? समोर रुखवतातली तांब्याची मोठी परात होती. तांब्यातून उष्णता झपाट्यानं पसरते!

“ताईआजी, पदर पसर!” परातीतले सगळे लाडू मी तिच्या पदरात ओतले, परात उपडी घातली आणि स्वेटरनंच पेटी धरून तिच्यावर ठेवली. मग माझ्या नव्या ओढणीनं वारा घालायला लागले. “भटजीकाका, अजून म्हणा! थांबू नका!”

भटजीकाका हुशार. त्यांनी गंगा, सिंधू, सरस्वतीपासून सगळ्या नद्या पुन्हा बोलावल्या. ते दमले, तेव्हा नवरदेवाच्या मामांनी बेसूर आवाजात आणखी एक कडवं ताणलं. हळूहळू परात कोमट झाली आणि पेटी निवली. मी आप्पांकडे बघून मान हलवली.

आप्पांनी ओठ हलवले.

“माझी लेक लहानशी अजुनही वाटे मला अंगणी...”

आत्यानं स्पीकरकडे नाही, आप्पांच्या ओठांकडे पाहिलं. “कुर्यात् सदा मंगलम्” झालं, तेव्हा अक्षता टाकायचं कुणाला भानच नव्हतं. भटजीकाकांनाच ओरडावं लागलं, “अहो, टाका की!”

पंगतीत मी आप्पांजवळ बसले. “पुढचा संगणक सदऱ्याच्या खिशात मावेल एवढा करू या,” मी म्हणाले. “आवाज गेलेली किती माणसं असतील, आप्पा! प्रत्येकाला त्याचा आवाज त्याच्याच खिशात.”

आप्पा मान डोलावत होते. पण त्यांचं लक्ष समोर होतं. नवरानवरीच्या पानांवर सगळं वाढलं होतं आणि आत्यानं नेहमीसारखी अळूच्या भाजीची वाटी हळूच बाजूला सरकवली होती. आप्पा सवयीनं काहीतरी पुटपुटले. माइक त्यांच्या सदऱ्याला लावलेलाच होता, हे आम्ही दोघंही विसरलो होतो.

“मंजू! अळू संपव आधी!”

सगळं कार्यालय दणाणलं. शालू नेसलेली आमची आत्या शाळकरी पोरीसारखी ताठ बसली. जेवढी रडत होती, तेवढीच हसत होती. तिनं वाटी जवळ ओढली, सगळी भाजी संपवली आणि रिकामी वाटी पुढे केली.

“वाढा अजून,” ती म्हणाली. “आप्पा ओरडतायत.”