शनिवारी चिकटवलेली ओळ

बुधवारी दुपारी बाराला खंडू जिना चढून आला, तेव्हा ज्योतीरामनं मनातल्या मनात कपाळाला हात लावला. सकाळपासून दोन लग्नांच्या चौकश्या करून गुडघे बोलायला लागले होते. डबा नुकता कुठं उघडला होता. पण खंडू म्हणजे जुना दोस्त, चाकणच्या कंपनीत बावीस वर्षं शेजारच्या मशीनवर उभा राहिलेला. त्याचा पडलेला चेहरा बघून ज्योतीरामनं डबा पुन्हा बंद केला.

"भाऊ, ताई हायेत का?" खंडू म्हणाला. "पोरीवर आळ आलाय."

विजयश्रीताई आतच होत्या. त्याही चाकणच्याच. सुट्या भागांच्या कारखान्यात माल तपासायला होत्या, आणि त्यांच्या हातून खराब माल सुटला असं कुणाला आठवत नाही. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी काळेवाडीत खासगी तपासाचं हे ऑफिस थाटलं. ज्योतीराम त्यांचा मदतनीस. डोकं जरा सावकाश चालतं, हे तो स्वतःच सांगायचा.

खंडूनं सांगितलं ते असं. त्याची लेक अंजली 'टिचकी' नावाच्या वेबसाइटवर नोकरीला. वेबसाइट बनवणाऱ्यांना मराठीतून बातम्या आणि तयार नमुने देणारी ही साइट. दर सोमवारी नवा अंक. फॉर्म, कॅलेंडर, बोट लावलं की उघडणारी यादी, असा नमुना लोक तिथून उचलतात आणि आपल्या साइटवर चिकटवतात. या सोमवारी अंजलीनं केलेलं कॅलेंडर होतं, दवाखान्याची वेळ ठरवायचं. त्यात शनिवारी दुपारी अंजलीच्या खात्यातून कुणीतरी एक ओळ घुसवली. पेशंट जे लिहील ते गुपचूप तिसऱ्याच ठिकाणी पोचवणारी.

"चाळीस साइटवर तरी गेलं ते. चाकणला एका डॉक्टरबाईंचा दवाखाना हाय, तिथंबी. बायकांनी काय काय आजार लिहिले असतील, ताई..." खंडूनं पंच्यानं तोंड पुसलं. "आता साहेब म्हणतात, पाच वाजता माफीनामा टाकतो, त्यात अंजलीचं नाव. इंटरनेटवर एकदा नाव गेलं की गेलं. पोरगी कुठंबी नोकरी मागू दे, आधी हेच निघणार."

"तिनं घातली नाही कशावरून?"

"माझी लेक हाय ती."

"हा काही पुरावा झाला नाही, खंडूभाऊ," ताई म्हणाल्या, आणि चपला घालायला लागल्या.

'टिचकी'चं ऑफिस पिंपळे सौदागरला, एका सोसायटीच्या दुकानांवर, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद होती. ती बंदच असणार, हे ज्योतीरामला रिक्षातच कळलं होतं.

अंजली कोपऱ्यात रिकाम्या टेबलाशी बसली होती. तिचं मशीन साहेबांनी कपाटात बंद केलं होतं. रडून झालं होतं, आता नुसता थकवा उरला होता.

"शनिवारी दुपारी एकला तुझ्या नावानं नमुना बदललाय," ताई म्हणाल्या.

"मी घरी झोपले होते, ताई. आठवडाभर दहा-दहा तास बसले होते. आई देहूला मावशीकडं, पप्पा ओव्हरटाइमला. झोपलेल्या माणसानं साक्षीदार कुठून आणायचा?"

"तुझा पासवर्ड कुणाकुणाला माहितीय?"

"आम्हा चौघांनाही. खातं एकच आहे, माझ्या नावाचं. अंक शुक्रवारी त्यातूनच चढवून ठेवतो, लोकांना दिसतो सोमवारी."

"म्हणजे कुलूप एक आणि किल्ल्या चार," ज्योतीराम पुटपुटला.

दुसरी किल्ली पिंकीकडं. वाचकांची पत्रं ती बघायची, आणि नमुना वापरल्याचं जे कळवतील त्यांची नंबरासकट यादी ठेवायची. घरी नवं बाळ, त्यामुळं बोलता बोलता जांभई यायची आणि ती माफी मागायची.

"काल तक्रार आली आणि सरांनी लगेच पान काढून टाकलं. पण मी त्याआधी छापून ठेवलं होतं. तक्रारीचं मी सगळं छापते, नाहीतर लोक शब्द फिरवतात."

तिनं कागद पुढं केला. वर महिन्याचं कॅलेंडर, बंदचे वार तांबडे, म्हणजे सगळे रविवार, घरच्या भिंतीवर असतात तसे. खाली बारीक अक्षरातला मजकूर आणि त्यातल्या एका ओळीला पेनानं गोल केलेला. ज्योतीराम त्या गोलाकडं बघत राहिला. त्याला काही म्हणता काही कळलं नाही. ताईंनी कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली.

"शनिवारी कुठं होतीस?"

"बाळाला लस द्यायला. ताप आला, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही."

तिसरा संघर्ष. नमुन्यांचं रंगरूप त्याच्याकडं. तो चिडलेलाच होता.

"शनिवारी भावाचं घर हलवत होतो. आणि शुक्रवारी सातपर्यंत मी आणि अंजली इथंच खपत होतो. अंक चढवायची वेळ, आणि त्यात साइटवरची नव्या अंकाची झलक बघून भोसरीच्या एका वाचकाचं पत्र. म्हणे, आमच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, दवाखान्याला सुट्टी पण गुरुवारी. रविवार बंद दाखवून आम्हाला काय उपयोग? खरं होतं, राव. मग बसलो आणि बंदचा वार बदलला."

"आधीची प्रत?"

"ठेवत नाही आम्ही. जुन्यावरच नवं चढतं, जुनं पुसलं जातं. सगळ्यांच्या मशीनवर हाच प्रकार."

ज्योतीरामला एव्हाना भूक लागली होती. संघर्षच खोटं बोलत असावा, असं त्यानं ठरवून टाकलं. एवढा चिडणारा माणूस निर्दोष कसा असेल?

साहेब म्हणजे दिग्विजय. साइट त्याचीच. डोळ्यांखाली काळं, समोर कॉफीचे तीन रिकामे कप.

"मला हौस आहे का हिचं नाव टाकायची?" तो म्हणाला. "पाच वर्षं रेटतोय हे. जाहिरातदार दर आठवड्याला विचारतो, नमुना किती जणांनी वापरला, आकडा द्या. कळवतात ते थोडेच, बाकीच्यांचा आकडा कुठून देऊ? आणि आता हे!"

"शुक्रवारी तुम्ही इथं नव्हता?"

"चाकणला होतो, त्या जाहिरातदाराकडंच. अर्धा दिवस ट्रॅफिकमध्ये. पण अंक गुरुवारीच तयार होता. लॅपटॉपवर घरी घेऊन गेलो, वाचला, ठीक वाटला."

"नंतर काही बदल?"

"काही नाही. तसाच चढला."

ताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. सव्वाचार झाले होते. "सगळ्यांना इथं बोलवा," त्या म्हणाल्या.

सगळे जमले. खंडू दारातच उभा राहिला, आत बोलवलं तरी आला नाही. ताईंनी कागद उलगडून अंजलीच्या हातात दिला.

"त्या ओळीकडं बघू नकोस. वर बघ. बंद वार कुठला?"

"रविवार," अंजली म्हणाली, आणि दचकली. "पण आम्ही तर..."

"रविवारच असणार ना!" दिग्विजय म्हणाला. "त्यात काय बघायचंय? सुट्टी रविवारीच असते."

संघर्ष आणि पिंकीनं एकमेकांकडं बघितलं. आता ज्योतीरामच्या डोक्यातही उजेड पडायला लागला.

"सर, तुमची सुट्टी रविवारी असते," ताई म्हणाल्या. "भोसरी-चाकणची गुरुवारी. ते पत्र पिंकीनं वाचलं, वार संघर्षनं बदलला, अंजलीनं तपासून शुक्रवारी चढवला. तिघांनाही माहीत होतं. तरी सोमवारी लोकांच्या हातात रविवारवालं कॅलेंडर पडलं. कारखान्यात असं झालं की आम्ही एकच विचारायचो. साचा शुक्रवारी बदलला, मग शनिवारी जुन्या साच्याचा माल आला कुठून? जुना साचा राहिला कुणाकडं?"

"अंजलीकडं असू शकतो," दिग्विजय म्हणाला.

"तिला ओळ घुसवायचीच असती तर नव्या प्रतीत घुसवली असती. जुनी तिनं स्वतः पुसलीय. इथल्या प्रत्येक मशीनवर पुसली गेली. गुरुवारी एकच प्रत बाहेर गेली, तुमच्या लॅपटॉपवर. शनिवारी तुम्ही त्या प्रतीत ओळ घातली आणि अख्खी प्रत वर चढवली. शुक्रवारची दुरुस्ती तिच्याखाली गेली, कारण ती झाल्याचं तुम्हाला ठाऊकच नव्हतं. आत्तासुद्धा नव्हतं. काढा तो लॅपटॉप."

दिग्विजय जागचा हलला नाही. मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड चोळलं.

"त्यांनीच दिली ती ओळ," तो म्हणाला. "जाहिरातदारानं. म्हणाला, नुसती मोजणी होईल, किती जण वापरतात त्याची. मी वाचलीसुद्धा नाही. खूप दमलो होतो. काल कळलं काय करते ती, आणि घाबरलो."

"आणि नाव माझं घेतलंत," अंजली म्हणाली. "दर सोमवारी आपण लोकांना सांगतो, न वाचलेली ओळ चिकटवू नका. लाज वाटते मला, सर."

ज्योतीरामला खरं तर संताप यायला हवा होता. आला तो पण थकलेला, दुपारभर उपाशी राहिलेला.

दिग्विजय माफीनामा लिहायला बसला. 'टिचकीच्या टीमकडून अनवधानानं' इथपर्यंत आला, तोच अंजलीनं मागून वाचलं.

"टीमकडून नाही. तुमचं नाव लिहा."

"साइट बंद पडेल, अंजली."

"पडू दे."

त्यानं नाव लिहिलं. संघर्षनं ते वाचून पाहिलं आणि पाचच्या आत चढवलं. खंडू दाराच्या चौकटीला टेकून पंच्यानं डोळे पुसत होता.

"त्या चाळीस जणांना ओळ काढायला कुणी सांगितलं?" अंजलीनं विचारलं.

पिंकीनं मान खाली घातली. "सर म्हणाले होते, माफीनामा जाईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही."

"म्हणजे कालपासून ती चालूच आहे? त्या बाया अजून लिहितायत त्यात?"

काल सगळे नाव कुणाचं टाकायचं यातच अडकले होते. ज्योतीरामला एकदम आठवलं की आपण पण बारापासून त्यातच होतो. ताईंनी डोळे मिटून घेतले.

अंजलीनं पिंकीच्या टेबलावरची यादी ओढली, फोन उचलला आणि पहिला नंबर लावला.

"हॅलो, डॉक्टरबाई? मी 'टिचकी'मधून अंजली खंडू सोनकांबळे बोलतेय. तुमचा फॉर्म आत्ताच्या आत्ता बंद करा. हो, थांबते मी फोनवर."