डावीकडे धरलेला घास

दिवा जरा जवळ घ्या. मी जे सांगणार आहे, ते माझ्या हाताकडे पाहत ऐकावे हे बरे.

त्या दुपारी मी नेहमीप्रमाणे चियांग माईच्या इस्पितळात उपचारांसाठी गेलो होतो. डोंगरांतील वणव्यांचा धूर शहरावर बसला होता. भर दुपारी खिडक्या राखेच्या रंगाच्या झाल्या होत्या आणि कपड्यांना जळक्या पाचोळ्याचा वास येत होता. लोंगन फळांच्या बागेत पक्षाघाताचा झटका येऊन पडल्यापासून माझा उजवा हात मृतवत होता. उपचार करणारी नीन त्यावर चिकट पट्ट्या लावून नसांना मंद वीज देई, आणि यंत्राचा हात माझा हात उचलून समोरच्या पेल्यापर्यंत नेई. मी जितका जोर लावीन, तितका यंत्राने आपला कमी करायचा, अशी योजना होती. पडद्यावर माझ्या वाट्याचा आकडा मात्र सदैव शून्य. चिकट भाताचा घास पुन्हा स्वतःच्या बोटांनी वळून खावा, याहून मोठी इच्छा मला उरली नव्हती. चमच्याने भरवून घेणे मला अपमानास्पद वाटे.

त्या दिवशी माझी थोरली बहीण बुआपत हिने मासे धरण्याची झोळी, उकडलेले अंडे आणि पांढरा दोरा बरोबर आणला होता. आमच्याकडे प्रत्येक अवयवाला त्याचा ख्वान, म्हणजे प्राण, असतो. भयाने तो निसटतो आणि निसटल्या जागीच घुटमळतो. तेथे जाऊन त्याला झोळीने उपसून आणायचे असते.

"त्यासाठी बागेत जायला हवं ना, ताई?" मी विचारले.

"बागेच्या वाटेवर वणवा पेटलाय. आणि माझे गुडघे तिथवर तू उचलून नेणार, एका हातानं? हात रोज इथंच पडलेला असतो. येईल इथंच."

नीन हसली. "आजी, यंत्रावर अंडं तेवढं ठेवू नका. बाकी काय हवं ते करा."

ताई खुर्चीभोवतीची हवा उपसू लागली. "ये रे, ये... धुरात भटकू नकोस... घरी ये..."

झोळी एकाएकी ओझे पडल्यासारखी झुकली. ताईने घाईने माझ्या मनगटाला दोरा बांधला. नीनने वीज सुरू केली.

हात उठला. माझा आकडा चढत गेला. यंत्राचा वाटा शून्यावर आला. परंतु हात पेल्याकडे गेला नाही. तो डावीकडे, खाली वळला. बोटे चिमटीसारखी जुळली आणि तशीच थांबली.

"काका... हे तुम्ही करताय?"

"नाही..."

नीन पडद्यावरून माझ्या बोटांकडे वळली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "तुमच्या आधी या खुर्चीत सोईदाव नावाची बाई यायची. पेला नको म्हणायची. पोरीला भरवता येईल एवढंच शिकवा, म्हणायची. जमलं नाही... दुसऱ्या झटक्यात गेली. पोर आता फांग गावी तिच्या आजीकडे असते. कुणाच्या हातचा घास घेत नाही म्हणे."

ताईचा चेहरा पांढरा पडला. "दोरा काढ रे. भलत्याचाच ख्वान आलाय. धूर ओसरू दे, बागेतून तुझा आणू."

मी हात मागे घेतला. उजवाच.

"राहू दे," मी म्हणालो.

आता मी माझ्या हाताने जेवतो. पहिला घास तेवढा माझा नसतो. भाताच्या टोपलीशी बसलो की हात एक इवलासा घास वळतो, मिठाला टेकवतो आणि डावीकडे, लहान मुलाच्या तोंडाइतक्या उंचीवर धरतो. मी थांबतो. ताई म्हणते, "निदान तुला दुसऱ्यासाठी थांबायला शिकवलं कुणीतरी."

परवा नीनचा फोन आला. "काका, पोर जेवायला लागली. गाल भरलेत म्हणे. फक्त... जेवायला बसली की आधी उजवीकडे वळून आ करते. तिथं कुणी नसतं."

धूर केव्हाच ओसरला. झोळी दाराशी टांगलेली आहे. बागेत आम्ही अद्याप गेलेलो नाही.

आज सकाळी माझ्या चिमटीतला घास कोणीतरी अलगद घेतला. दिवा असा इकडे करा. बोटाच्या टोकावर ही बारीक खूण दिसते? दुधाचे दात एवढेच असतात, नाही का...