हरभऱ्याची आंब

चौकशी केल्याशिवाय मला घास उतरत नाही, असं आई म्हणते. खरंच असावं. नाहीतर देवगाव फाट्यावर एका अनोळखी माणसाच्या मांडीवरचं ओलं गाठोडं बघून मी कशाला त्याच्या बाकावर बसले असते?

जालन्याहून येत होते. तिथल्या एका बियाण्याच्या कंपनीत मी दाण्यांची उगवण तपासते आणि शनिवारी मानवतला घरी जाते. फाट्यावर गाडी बदलावी लागते, आणि सेलूची गाडी त्या दिवशी यायचं नाव घेत नव्हती. पौषातली थंडी, टपरीवरच्या चहाचा वास, आणि बाकावर तो. गाठोड्यातून हरभऱ्याचे कोवळे शेंडे डोकावत होते.

"भाजी विकायची आहे का?"

"न्हाई." त्यानं वर पाहिलं. हसू डोळ्यांत आधी आलं, ओठांवर मागाहून. "ताईला जालन्याला धाडायची होती. तिला दिवस गेलेत, आंबटाबिगर घास उतरंना. दर शनिवारी कंडक्टरजवळ देतो. आज डोळ्यांदेखत गाडी गेली."

"शेंडे खुडल्यावर झाडाला इजा नाही होत?"

"उलट फाटे फुटत्यात. घाटे लय लागतात."

हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण खुडून खुडून काळी पडलेली, हरभऱ्याच्या आंबट आंबेनं चिरलेली बोटं पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते. जरा जास्तच वेळ पाहिली असतील, कारण त्यानं ती हळूच गाठोड्याखाली लपवली.

"कुठल्या तुमी?"

"मानवतची. बन्सीधर गुरुजींची मुलगी, भक्ती."

त्याचा हात गाठीवरच थांबला.

"काय झालं?"

"काय न्हाई…" आणि मग गाठ आवळत, "मी योगीराज. वालूरचा. ही भाजी घेऊन जावा. उद्यापस्तोर सुकून जाईल."

"अहो, पण करायची कशी?"

"शिजवून घोटायची, ज्वारीचं पीठ लावायचं, वरून लसणाची फोडणी. तुमाला येत न्हाई व्हय?"

"मला खाता येते."

तो मोठ्यानं हसला. तेवढ्यात माझी गाडी आली आणि त्यानं गाठोडं खिडकीतून माझ्या हातात दिलं. तो नाव ऐकून का थांबला, हे कोडं मला थेट मानवतपर्यंत कुरतडत राहिलं.

आई शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. म्हटलं, आज आपणच करू. आमच्या कंपनीत दाण्यादाण्याला औषध लावलेलं असतं, त्यामुळे काहीही हातात आलं की धुवायचं ही माझी सवय. भाजी तीन पाण्यांनी धुतली. घोटली, पीठ लावलं, लसूण चांगला लाल केला. अण्णांनी काही न बोलता अर्धी भाकरी संपवली. अण्णा गप्प जेवले की समजायचं, काहीतरी बिघडलंय. मी घास घेतला… नुसतं गवत.

आई आली, बोट लावून चाटलं आणि कपाळावर हात मारला. "धुतलीस? अगं, हरभऱ्याची भाजी धुतं का कुणी? सगळी आंब पानावर असते. कुणी दिली?"

"वालूरचा कुणी योगीराज होता."

आईनं वाटी खाली ठेवली. आत गेली आणि दिवाळीच्या फराळाच्या डब्यामागून एक पाकीट घेऊन आली. त्यातल्या फोटोत तेच डोळे होते.

मला आठवलं. दिवाळीत स्थळ आलं होतं. आई वाचायला लागली, "व्यवसाय शेती," आणि मी स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हटलं होतं, "नको." फोटोही पाहिला नव्हता.

"तुला दाखवायची सोय होती का?" आई म्हणाली. "आता पुढच्या रविवारी जिंतूरला मुलगी बघायला चाललेत म्हणे."

मला लाज वाटली. नकार दिल्याची नाही, न बघता दिल्याची. त्याला माझं नाव कळलं होतं, तरी त्यानं भाजी दिली. का दिली? हा प्रश्न घेऊन मी आठवडाभर दाणे मोजले आणि दर वेळी चुकले.

पुढच्या शनिवारी फाट्यावर उतरले. तो उभा होता, हातात काहीच नव्हतं.

"आज कंडक्टर थांबला," तो म्हणाला. "भाजी कशी झालती?"

"तीन पाण्यांनी धुतली."

तो पोट धरून हसायला लागला. मी मात्र हसले नाही.

"दिवाळीत मी तुमचं पाकीट उघडलंच नव्हतं."

त्याचं हसू ओसरलं. "ठाव हाय. तुमच्या आधी सात जणींनी उघडलं न्हाई."

"मग मला भाजी का दिली?"

"भाजीचा काय गुन्हा?"

टपरीवाल्यानं न मागता दोन चहा आणून ठेवले. योगीराज कपात बघत म्हणाला, "भाजी धुतली की आंब वाया जाती. आमच्यात ती धरून ठेवत्यात. सांजच्याला हरभऱ्यावर धोतर पसरायचं, दव पडून ते भिजतं. पहाटं पिळून बाटलीत भरायचं. पोट दुखलं की चमचाभर."

"मला बघायचंय."

"उजाडायच्या वक्ताला यावं लागतं. ऊन पडलं की संपलं."

"उद्या?"

"उद्या नऊला आमाला जिंतूरला…" त्यानं कप खाली ठेवला. "आज पसरून ठेवतो. आलात तर पिळू. न्हाई आलात तर वाळंल."

घरी अण्णांना सांगताना माझी जीभ तीनदा अडखळली. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "स्वेटर आहे ना?"

अण्णांच्या मोटारसायकलवरून वालूरच्या शिवारात पोचलो तेव्हा पूर्वेला नुकतं तांबडं फुटत होतं. बांधावर त्याची आई, नर्मदाबाई, पितळी गडवा घेऊन उभ्या होत्या. पोरगा कुणाची वाट बघतोय हे त्यांना कळलं असावं, कारण मला पाहून त्यांनी नुसता पदर सावरला. हरभऱ्यावर अख्खं धोतर पसरलेलं होतं, भिजून जड झालेलं. त्यानं एक टोक धरलं, मी दुसरं. दोघांनी पिळलं, पण थेंब पडेना.

"तुमी माझ्याच बाजूला फिरवायलात," तो हळू म्हणाला. "उलटं फिरवा."

मी उलटं फिरवलं. पीळ घट्ट झाला, आम्ही दोघं एकेक पाऊल जवळ आलो, आणि गडव्यात धार लागली. एक थेंब माझ्या बोटावर उडाला. मी चाखला. आंबट, खारट, जिभेला झोंबणारा. डोळे मिटले गेले.

"कशी हाय?" त्यानं विचारलं.

"हेच दिवाळीत चाखायला हवं होतं."

"मग… आता पुन्हा पाकीट धाडू का?"

"पाकीट घरीच आहे. मी सगळं वाचलंय." हातातलं धोतराचं टोक मी अजून सोडलं नव्हतं. "मला तुम्ही आवडलात. पण जालन्याची नोकरी सोडणार नाही."

"गाडी फाट्यावरूनच जाती," योगीराज म्हणाला. "मी पोचवाया येत जाईन. न्यायाबी."

बांधावर अण्णा शेंडा खुडून न धुता खात होते. नर्मदाबाईंनी गडवा खाली ठेवला, कमरेचा मोबाइल काढला आणि जिंतूरला फोन लावला.

"आज येणं जमायचं न्हाई बघा," त्या म्हणाल्या. "आमच्या रानात पाव्हणे आलेत."