माघारी न फिरलेला यजमान

कोणी ढुंकून बघत नाही अशी आडगावं बघायला निघालाय म्हणे तुम्ही पोरं? जा की, खुशाल जा! पण आधी माझ्या मावसभावाचं, झेफचं ऐका. खोटं वाटलं तर श्कोदरला जाऊन त्यालाच विचारा.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार. झेफचा एकुलता एक पोरगा पाल दुसऱ्या दिवशीच्या बोटीने इटलीला कामाला जायचा होता. जाण्याआधी डोंगरातली बारकी गावं डोळ्यांखालून घालायची, असा त्याचा हट्ट. बापलेक गाडी घेऊन निघाले. पण पोरगं जाणार म्हणून झेफचा जीव कुठे थाऱ्यावर? एका गावात टेकले, की पुढच्याची घाई.

"बाबा, बुडाखाली निखारे आहेत का तुमच्या?" पाल म्हणायचा.

तिन्हीसांजेला एका वस्तीत ल्युलाश नावाच्या म्हाताऱ्याने त्यांना बळंच घरात नेलं. चुलीच्या काळ्या दगडांशी शेकायला बसवलं. मक्याची भाकरी, चीज, राकीची दारू, काही कमी केलं नाही. निघताना वेशीपर्यंत पोचवायला काठी टेकत पुढे चालू लागला. वेशीवर पाहुण्याने म्हणायचं, "आता माघारी फिरा, आजोबा." त्याशिवाय यजमान फिरत नाही, हे आपल्या अल्बानियात शेंबडं पोरही जाणतं. झेफने नुसता हॉर्न वाजवला आणि गाडी सुसाट सोडली.

पुढच्या गावात ओळखीच्या द्राने नावाच्या बाईच्या हॉटेलात कॉफी घेताना पाल सहज ल्युलाशचं बोलला. द्रानेचा चेहरा उतरला.

"अरे, त्या वस्तीत आता चिटपाखरू नाही! ल्युलाश पाहुण्यांना पोचवायला निघाला, तो बर्फातच गेला. मी शाळेत होते तेव्हा." मग हळूच म्हणाली, "झेफभाऊ... त्याला माघारी फिरा म्हणालात ना?"

झेफ उठून गाडीची किल्ली शोधू लागला.

"आजची रात्र इथंच राहा."

"छे छे! पोराची बोट चुकेल."

घाटात पाऊस लागला. धुकंही. आता गाडी पाल चालवत होता.

"बाबा... ते बघा."

गाडीच्या उजेडात पाठमोरा म्हातारा. काठी टेकत चाललेला.

पालने ब्रेक दाबला. लागेना. पुन्हा दाबला...

गाडी उताराला लागली. म्हातारा वळला नाही. झेफने पोराचा दंड घट्ट धरला.

मग एक हिसका. गाडी जागच्या जागी थांबली.

पुढे म्हातारा नव्हता. रस्ताही नव्हता. हातभर अंतरावर सगळा कडा कोसळून खाली दरीत गेलेला.

झेफ खाली उतरला. काळोखाकडे तोंड करून रडत ओरडला, "फिरा, आजोबा! पोरगं वाचलं माझं... आता माघारी फिरा!"

नुसता पाऊस.

पाल वाकून चाकं बघत होता. पुढच्या दोन्ही चाकांखाली कुणीतरी दगड लावले होते. काजळी धरलेले. मुसळधार पावसात भिजत पडलेले.

त्याने एकाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. दगड तापलेला होता.