सतरावी नोंद

संशोधिकेनं खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "मेलेल्या माणसाला संदर्भयादीत शिरता येतं का?"

भाऊनं कप खाली ठेवला. खासगी तपासाच्या या दोन खोल्यांत नवऱ्यांवर संशय घेणाऱ्या बायका येत, वारस शोधणारे वकील येत. असं गिऱ्हाईक पहिलंच. भाऊ भुतांना भीत नसे, ती असतात एवढंच त्याचं म्हणणं होतं. त्याच्या थोरल्या बहिणीचं, जिला पोलीसही अक्का म्हणत, भुतांबद्दल काहीच म्हणणं नव्हतं.

"सगळं सांग," अक्का म्हणाली. "आम्हाला भौतिकशास्त्र येत नाही असं धरून."

"धरायला कशाला हवं," भाऊ पुटपुटला.

संशोधिका हसली नाही. "माझे सर गेल्या वर्षी गेले, हृदयविकारानं. आमच्या प्रयोगावरचा लेख आता मी नियतकालिकाला पाठवतेय. लेखक दोन, विभागप्रमुख आणि मी. लेखात दुसऱ्याच्या कामाचा आधार घेतला की वाक्याशेवटी कंसात आकडा येतो, आणि त्या आकड्याची नोंद शेवटच्या यादीत. या नोंदी सर, प्रमुख आणि मी अशा तिघांच्या सामाईक संग्रहात असतात. संगणक त्यातून यादी जुळवतो."

तिनं कागद पुढे केला. सतराव्या क्रमांकावर सरांचं नाव, त्यापुढे 'व इतर', लेखाचं शीर्षक आणि वर्ष. खंड आणि पान यांच्या जागा रिकाम्या होत्या.

"वर्ष बघा. यंदाचं आहे. मी रात्री नोंद पुसते, कंसात प्रश्नचिन्ह येतं. सकाळी बघावं तर पुन्हा सतरा. माझा पासवर्ड बदलला, खोलीचं कुलूप बदललं. मागचा आठवडा शांत गेला, वाटलं सुटले. सोमवारी परत हजर."

"मग ते वाक्यच का काढत नाहीस?" भाऊनं विचारलं.

"वाक्य सरांचं आहे, त्यांच्या जुन्या मसुद्यातलं. हात होत नाही." तिनं कागद परत ओढून घेतला. "लेख या आठवड्यात गेला नाही तर माझी नेमणूक जाईल. आणि पाठवायला बसले की वाटतं, सर मला चोर म्हणताहेत. लेखकांतून त्यांचं नाव मीच काढलंय, अक्का."

विभागप्रमुखांच्या खोलीत नियतकालिकांची कपाटं होती, आणि बोलणं साखरेत घोळलेलं.

"मृत माणसाचं नाव लेखकांत घालता येत नाही. दंडकच आहे तसा. मलाही वाईट वाटलं, पण काय करता?"

अक्का एक जुना अंक चाळत होती. "या नावाशेजारी ही बारीक कट्यारीसारखी खूण कसली?"

"छपाईच्या खुणा. ढीगभर असतात," ते घाईनं म्हणाले.

अक्कानं त्या पानाच्या तळाशी काहीतरी वाचलं आणि अंक मिटला. तिला कंटाळा आला असावा असं भाऊला वाटलं.

तळमजल्यावरच्या यंत्रशाळेत लेथवाला हात पुसत उठला. प्रयोगाची तांब्याची पेटी त्यानंच कातली होती. ती कुठेतरी झिरपायची, की पुन्हा पहिल्यापासून.

"सर कधी चिडले नाहीत. जायच्या थोडं आधी म्हणाले, पुढच्या वर्षी आपण छापून येणार, तुझंही नाव घालतो. म्हणतात हो सगळे, जेवायला या म्हणतात तसं." त्यानं खुंटीवरच्या प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या कोटाकडे पाहिलं. "त्यांचा आहे. मी हलवत नाही. कधीकधी वाटतं, आता येऊन घालतील."

सरांच्या घरी त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, दार उघडलं आणि भाऊच्या अंगावर काटा आला. आतल्या बंद खोलीतून घरघर ऐकू येत होती, झोपलेल्या माणसासारखी.

"आत कुणी आहे?"

"त्यांचं मशीन," काकू म्हणाल्या. "उठल्याबरोबर आधी तेच लावायचे. आता मी लावते, संध्याकाळी बंद करते. मला त्यातलं काही येत नाही हो. पंखा फिरायला लागला की घरात कुणीतरी आहे असं वाटतं, एवढंच." त्या जरा थांबल्या. "मागच्या आठवड्यात बहिणीकडे होते. तिथे झोपच लागली नाही, इतकं शांत."

भाऊ त्या बंद दाराकडे बघत राहिला. अक्कानं मात्र उद्या आम्ही येईपर्यंत मशीन लावू नका, एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे, प्रमुख आणि लेथवालासुद्धा, सरांच्या घरी त्या बंद खोलीत जमले. टेबलावर त्यांचा चष्मा घडी घालून ठेवलेला होता. संशोधिकेनं आपल्या लॅपटॉपवर सतरावी नोंद पुसली. कंसात प्रश्नचिन्ह आलं.

"आता लावा, काकू," अक्का म्हणाली.

घरघर सुरू झाली. थोड्या वेळानं प्रश्नचिन्ह गेलं आणि तिथे सतरा उमटलं. संशोधिकेचा चेहरा पांढराफटक पडला.

"घाबरू नकोस," अक्का म्हणाली. "हे मशीन म्हणजे सरांचा संगणक. बंद असताना काय झालं ते त्याला ठाऊक नसतं. जागं झालं की आपल्याजवळची जुनी प्रत सामाईक संग्रहात पाठवतं. तू पुसलेलं ते बापडं हरवलं समजून परत आणून देतं. काकू बहिणीकडे होत्या, तेव्हाच तुझा आठवडा शांत गेला."

"आणि यंदाचं वर्ष?" भाऊनं विचारलं.

"खंड नाही, पान नाही. म्हणजे लेख अजून छापायचाच आहे. हाच, तू पाठवतेयस तो. सरांनी जिवंतपणी, पुढच्या वर्षी येईल या हिशेबानं नोंद करून ठेवली. लेथवाल्यालाही त्यांनी हेच सांगितलं होतं."

"म्हणजे लेख सरांचा," प्रमुख हळूच म्हणाले. "मग चोरी हिनंच केली की."

"नाव काढायला कुणी सांगितलं? तुमच्याच अंकात त्या कट्यारीचा अर्थ पानाखाली छापलाय, 'हे लेखक आता हयात नाहीत'. मृताचं नाव खुशाल घालतात. कपाटभर अंक बाळगणाऱ्याला हे ठाऊक नसेल? तुम्हाला जागा रिकामी करून हवी होती. स्वतः बसायला."

प्रमुख खिडकीबाहेर बघू लागले. अक्का संशोधिकेकडे वळली. "ती नोंद कधी उघडून पाहिलीस?"

"नाही. त्यांचं नाव दिसलं की पुसायची."

"यादीत पहिलं नाव येतं, बाकीचे सगळे 'व इतर'. उघड आता."

तिनं नोंद उघडली. पहिलं नाव सरांचं. तिसरं लेथवाल्याचं, त्यानं आपला चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. प्रमुखांचं नाव कुठेच नव्हतं.

दुसरं नाव तिचं होतं.

"मी रोज माझंच नाव पुसत होते," ती म्हणाली आणि रडू लागली. "आणि ते रोज परत आणून देत होते."

प्रमुखांना एक बैठक आठवली. त्यांना दारापर्यंत सोडायला कुणी उठलं नाही.

संशोधिकेनं डोळे पुसले. लेखावरून प्रमुखांचं नाव काढलं, तिघांची नावं नोंदीतल्या क्रमानं लिहिली, आणि पहिल्या नावाशेजारी ती बारीक कट्यार ठेवली. लेख सरांचाच झाल्यावर त्यात त्याच लेखाचा संदर्भ उरत नव्हता. त्या वाक्यापुढचा कंस तिनं काढला; या वेळी हात झाला.

काकू दारात उभ्या होत्या. "म्हणजे आता हे लावायचं नाही का गं?"

"लावा, काकू. रोज लावा," ती म्हणाली. "आता संग्रहात मला दिसेल ना सकाळी मशीन सुरू झालेलं. नाहीतर तुम्ही उठलात हे मला कसं कळणार?"