न धुतलेली लोकर

लोकरीच्या दुकानाच्या दारात दोघांची अशी टक्कर झाली की तिच्या पिशवीतले गुंडे पायरीवरून घरंगळत थेट रस्त्याच्या कडेला गेले. चार गुंडे होते, गर्द हिरवे आणि थोडे धुरकट. तीन तिने गोळा केले. चौथा त्याच्या हातात होता, आणि तो परत करायचं काही लक्षण दिसेना.

"मिळेल का?" तिने हात पुढे केला.

"हीच लोकर न्यायला आलो होतो मी," तो म्हणाला. "दुकानातल्या काकूंनी विकली वाटतं."

"विकायलाच ठेवली असणार. दुकान आहे ते."

"हो… पण कालच मी आणून दिली होती. आणि आज मन बदललं."

"मन तुमचं आज बदललं, आणि सुट्टी माझी आज आहे. आठवड्यातून एकच मिळते. आता काय करायचं सांगा."

तो हसला, आणि इथेच सगळा घोळ झाला. ती बत्तीस वर्षांची, कुणाच्या हसण्याबिसण्याला भुलणाऱ्यातली नव्हे. पण त्याच्या डोळ्यांच्या कडेला पडलेल्या सुरकुत्या ती गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ बघत राहिली.

ती ऑर्डरप्रमाणे हाताने स्वेटर विणून देणाऱ्या एका कारखान्यात कामाला होती. तिथे तिला सगळे घड्याळबाई म्हणत, कारण तिची प्रत्येक ओळ बरोबर तेवढ्याच वेळात पुरी व्हायची. खांदे लोकांचे, रंग लोकांच्या आवडीचा, तिचे फक्त हात. स्वतःसाठी म्हणून लोकर घेतली त्याला किती वर्षं झाली हे तिला आठवतही नव्हतं. आज घेतली, तर हा माणूस मध्ये उभा.

"काय विणणार?" त्याने विचारलं.

"ठरवलं नाही अजून. शाल, बहुतेक."

त्याने खिशातून एक कागद काढला. तो कोपऱ्यावरच्या नाट्यगृहात कपडेपट सांभाळायचा. नटांचे कपडे धुणं, इस्त्री करणं, फाटलं-तुटलं शिवणं, सगळं त्याच्याकडे. "अडीचच्या प्रयोगाचा पास आहे. भुताचं नाटक आहे, घाबरत नसाल तर या. विणकाम घेऊनच या. निदान लोकर लांबून बघता येईल मला."

"लाच देताय?"

"लाच असती तर पुढच्या रांगेतली जागा दिली असती. ही मागची आहे, कडेची."

"आणि नाटकात विणत बसले तर लोक हाकलून देतील ना."

"अंधारात येत नाही का विणायला?"

"डोळे बांधले तरी येतं," ती म्हणाली.

"मग झालं तर." त्याने चौथा गुंडा तिच्या तळहातावर ठेवला, पण धाग्याचं टोक त्याच्या बोटात राहिलं होतं. तो गेला तेव्हा हातभर धागा सुटत गेला आणि तिला तो पुन्हा गुंडाळावा लागला.

घरी येऊन ती जी पलंगावर पडली ती पडलीच. अकरा वाजता दुसरा चहा झाला. वहिनीने दारातून डोकावून विचारलं, "आज आंघोळीची गोळी घेतलेली दिसते?"

"सुट्टी आहे, वहिनी."

"सुट्टी कारखान्याला असते, साबणाला नसते."

ती हसली आणि कुशीवर वळून गुंडा उलगडून बघू लागली. धागा सरळ नव्हता, त्यात बारीक बारीक लाटा होत्या. म्हणजे लोकर उसवलेली होती, आधी कुणीतरी काहीतरी विणलेली. अशी लोकर कशी वापरायची हे कारखान्यातल्या नव्या मुलीलाही पहिल्या आठवड्यात शिकवतात. लड करायची, कोमट पाण्यात भिजवायची, खाली वजन लावून टांगायची, लाटा गेल्याशिवाय सुईला लावायची नाही. नाहीतर जुने टाके तिच्यात तसेच राहतात आणि नवे नीट बसत नाहीत. हे सगळं तिला पाठ होतं, इतरांना शिकवायचीसुद्धा तीच. पण सुट्टीच्या दिवशी बादल्या कोण भरतंय… तिने तशीच सुई घेतली आणि चाळीस टाके घातले.

गंमत म्हणजे टाके बसले. नुसते बसले नाहीत, आपापल्या जागी जाऊन बसले. धाग्यातली प्रत्येक लाट तिच्या सुईवर अशी बरोबर येत होती की तिला ओढावंही लागत नव्हतं. तासाभराने वहिनी पुन्हा आली.

"शाल म्हणालीस ना? एवढीशी?"

"रुंद होईल पुढे."

"आणि हा नवा कुर्ता कशाला काढलाय?"

"नाटकाला जातेय. पास मिळालाय."

"मिळालाय, की कुणी दिलाय?"

"दोन्ही," ती म्हणाली आणि आंघोळीला पळाली.

नाट्यगृह अर्ध्याहून जास्त रिकामं होतं. दमट पडद्यांचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. तिची जागा चौदा नंबरची, अगदी कडेची. उजवीकडे पायऱ्या, डावीकडे तेरा नंबरची मिटलेली खुर्ची. दिवे गेले, आणि रंगमंचावर एक बंद खोली असलेलं घर उजळलं. तिने सुया बाहेर काढल्या.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मनातल्या मनात टाके मोजता मोजता ती नाटकात गुंगली, मोजायचं सोडून दिलं. आणि मग तिच्या लक्षात आलं की मोजणं काही थांबलेलं नाही.

"…पस्तीस, छत्तीस, सदतीस…"

बाईचा आवाज होता, हलका, डाव्या बाजूने येणारा. उशिरा येऊन कुणीतरी बसलं असेल, तीही विणणारीच असेल, असं तिने स्वतःला समजावलं. बरंही वाटलं क्षणभर. तेवढ्यात आवाज अगदी घरच्या माणसाला सांगावं तसा म्हणाला, "आता एक सोड."

आणि तिच्या हातांनी एक टाका सोडला.

डाव्या दंडाला गार लागत होतं, तळघराचं दार उघडं राहिल्यावर लागतं तसं. तिने मान वळवली नाही. पुन्हा आठ ओळी झाल्या, पुन्हा "एक सोड". मध्यंतराचे दिवे लागले तेव्हा कुठे तिने बघायचा धीर केला. तेरा नंबरची खुर्ची मिटलेली होती. आणि तिच्या मांडीवर शाल नव्हती. मनगटाशी निमुळती होत गेलेली कोपरापर्यंतची बाही होती, पुरुषाची. एवढं काम एका अंकात होत नाही, तिच्याच्याने तर नाहीच.

ती तडक रंगमंचामागे गेली. टांगलेल्या कपड्यांच्या रांगांमध्ये तो इस्त्री करत होता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला, पण तिने बाही टेबलावर ठेवली आणि तो उजेड मावळला. त्याने इस्त्री उभी केली. अंगठा हळूहळू बाहीवरून फिरवला आणि एका जागी थांबवला.

"हा सोडलेला टाका…"

"दर आठव्या ओळीला आहे. मी नाही सोडला," ती म्हणाली.

त्याने बाहीत हात घातला. कोपरापर्यंत ती चपखल बसली. तिने त्याचं माप कधी घेतलंच नव्हतं.

मग त्याने सांगितलं, तुटक तुटक. बायको. चार वर्षं झाली, आठ दिवसांच्या तापात गेली. हा स्वेटर तिने विणलेला. खांद्याला कसर लागली, तेव्हा त्यानेच बसून तो उसवला. घरात ठेववेना म्हणून लोकर काकूंना दिली, आणि सकाळी उठल्यावर घरात ती लोकर नाही हेही सोसवेना. "ती असाच टाका सोडायची. का, ते कधी सांगितलं नाही. म्हणायची, कळेल एक दिवस."

"न धुताच दिलीत तुम्ही लोकर."

"धुवायची असते?"

"असते. मला माहीत होतं. मी आळस केला. माझ्या शेजारी कुणीतरी मोजतंय. बाई आहे."

"तेराचं तिकीट आज गेलेलं नाही," तो म्हणाला.

त्याची नजर बाहीवरच होती. सकाळी दारात हीच नजर तिच्यावर होती, आता ती एकदाही वर आली नाही. तिला राग आला, आणि राग कुणाचा, तर जी या जगातच नाही तिचा. मग त्या रागाची लाज वाटली. आणि लाजेपोटीच ती बोलून गेली, "मी पुरा करून देऊ शकते. हातांना येतंय आपोआप. आठवड्यात तुमचा स्वेटर तुम्हाला मिळेल, जसाच्या तसा."

बोलताना तिला पक्कं कळत होतं की ती काय हातचं घालवते आहे. स्वेटर पुरा झाला की हा माणूस तिच्याकडे बघेल तो फक्त त्या टाक्यांसाठी. आजवर मापं लोकांची होती, निदान हात तिचे होते. आता तेही राहणार नव्हते.

त्याने बाही हातातून काढून तिच्यापुढे ठेवली. "कराल?" त्याने विचारलं.

"करेन."

घंटा झाली.

दुसऱ्या अंकात तो तिच्या खुर्चीलगतच्या पायरीवर येऊन बसला. "आता कपडेबदल नाहीत," तो कुजबुजला. "ज्यांना मरायचंय ते आहेत त्याच कपड्यांत मरतात." एरवी ती हसली असती.

दिवे गेले आणि मोजणी सुरू झाली. या वेळी घाई होती आवाजात. सुया भराभर चालल्या होत्या, तिच्याच हातात, पण तिला न विचारता. बोटं गार पडली, मग मनगटं. तिने थांबायचा प्रयत्न केला, हात थांबले नाहीत. ओरडावं म्हटलं तर तोंडातून आकडेच येत होते. "…एकवीस, बावीस…" ओठ तिचे, आवाज मात्र डावीकडचा.

त्याने ऐकलं. झटक्यात मान वर केली आणि तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. चार वर्षांनी तो आवाज त्याच्या कानावर पडत होता. आणखी एक ओळ ऐकली असती, अगदी पहाटेपर्यंत ऐकत बसला असता, तरी कुणी त्याला नाव ठेवलं नसतं. तिने त्याचे डोळे भरून येताना पाहिले, आणि आपण संपलो असंच तिला वाटलं.

त्याने तिच्या सुयांवर आपला तळहात ठेवला.

"पुरे," तो म्हणाला. कुणाला, ते तिला आधी कळलं नाही. तो तिच्या पलीकडे बघत होता, तेरा नंबरकडे. "यांचे हात यांना परत दे. मी मागतोय तुझ्याकडे… दे."

सुया थांबल्या. बोटांत हळूहळू ऊब परत आली, मुंग्या याव्यात तशी. पुढे काय करायचं ते तिला ठाऊक होतं. तिने सुई बाहेर ओढली.

"दोन्ही हात पुढे करा," ती म्हणाली.

त्याने केले. तिने एकेक ओळ उसवायला घेतली आणि धागा त्याच्या दोन्ही हातांभोवती गुंडाळत गेली. रंगमंचावर कुणीतरी बंद खोलीचं दार ठोठावत होतं. डावीकडे तोच आवाज होता, पण आता आकडे उलटे चालले होते. "अडतीस, सदतीस, छत्तीस…" रुसवा नव्हता त्यात. प्रत्येक ओळीला तो जरा दूर जात होता. शेवटची ओळ आली. "…चार, तीन, दोन…"

ती 'एक'ची वाट बघत राहिली. तो आलाच नाही. शेजारची खुर्ची मात्र खटकन मिटली, बसलेलं माणूस उठल्यावर मिटते तशी.

नाटक संपलं, टाळ्या झाल्या. त्याला टाळ्या वाजवता येत नव्हत्या, मनगटांभोवती हिरवी लड होती. माणसं उठून गेली तरी दोघं तिथेच बसून होते.

"एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "चौदा नंबर तिचा. माझं काम संपेपर्यंत ती तिथे विणत बसायची. चार वर्षांत ती जागा मी कुणालाच दिली नव्हती."

"मग मला कशी दिलीत? लोकरीसाठी?"

"दारात तुम्ही म्हणालात ना, सुट्टी माझी आज आहे… तेव्हाच हात खिशात गेला. लोकर तेव्हा डोक्यातही नव्हती. तुम्ही तिथे बसलेल्या दिसाव्यात असं वाटलं. मग बाही बघितली आणि मी वाहवलो. चुकलं माझं. तुमच्याकडे बघायचं सोडून मी…"

ती तेरा नंबरच्या मिटलेल्या खुर्चीकडे बघत होती.

"जागा तिची चौदाची," ती हळूच म्हणाली. "आणि आज होती ती तेरावर."

त्याला पटकन समजलं नाही.

"अहो, सरकून बसली ती. मी आले म्हणून."

त्याने तोंड फिरवलं. हात अडकलेले, डोळेही पुसता येईनात. शेवटी तिने आपल्या ओढणीनेच ते पुसले, आणि पुसून झाल्यावरही हात लगेच मागे घेतला नाही.

"आता हे सोडवणार का?" जरा वेळाने त्याने विचारलं.

"इथे सोडवलं तर गुंता होईल. धुवायची आहे लोकर, चला तसेच."

"असा? रस्त्याने?"

"भुतांना घाबरला नाहीत, आता लोकांना घाबरता?"

आणि दोन्ही हात लोकरीत गुंतलेल्या त्या माणसाला घेऊन ती संध्याकाळच्या वर्दळीतून घरी निघाली. जाणारे-येणारे बघत होते. तिने खुशाल बघू दिलं.

दार वहिनीने उघडलं. आधी तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग त्या हिरव्या लडीकडे.

"वहिनी, बादलीभर कोमट पाणी हवंय," ती म्हणाली.

"पाण्याचं मी बघते," वहिनी वाटेतून बाजूला होत म्हणाली. "आधी यांना बसायला जागा दे."